झील धरणारी माणसे

पोवाडा ऐकताना आपले सगळे लक्ष शाहिराकडे असते. त्याचा फेटा, त्याचा डफ, त्याचा चढा आवाज. पण त्याच्या मागे दोन-तीन माणसे उभी असतात, त्यांच्याकडे आपण फारसे बघत नाही. त्यांना झीलकरी म्हणतात. शाहिराची ओळ संपते न संपते तोच ते ती उचलतात, 'जी जी जी' करून लांबवतात आणि तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो. तमाशात हे काम सुरते करतात, भजनात टाळकरी करतात, कव्वालीत टाळ्या वाजवणारे साथीदार करतात. नावे निराळी, काम एकच. एकाच्या तोंडची ओळ सगळ्यांची करायची.

कलेमुळे समाजाला बळ मिळते, असे आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. ते बळ नेमके कसे मिळते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. बहुतेकांची समजूत अशी की, कवितेत किंवा नाटकात चांगला उपदेश असला की माणसे तो ऐकतात आणि सुधारतात. मी गेली तीस वर्षे मराठीत कविता लिहितो आहे. माझा अनुभव तसा नाही. उपदेश ऐकून माणसे सुधारत असती, तर इतके संत होऊन गेलेल्या या मुलखात आज काही करायचे शिल्लकच राहिले नसते. गाण्यातून समाजाला बळ मिळते ते ऐकल्याने नव्हे, झील धरल्याने. ज्या क्षणी ऐकणारा माणूस ओळ उचलतो, त्या क्षणी तो नुसता प्रेक्षक राहत नाही. आणि शेजारच्यानेही तीच ओळ उचललेली त्याला ऐकू येते, तेव्हा त्याला कळते की आपण एकटे नाही.

याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या घरातच होते. जात्याला बहुधा दोघी बसत. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती धरायची. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची माया, नवऱ्याचा राग, जे दिवसा कोणासमोर बोलायची सोय नव्हती ते पहाटे जात्यावर बोलता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना लक्षात येते की, एकीचे दुःख दुसरीने धरले की ते दोघींचे होते, आणि दोघींचे झालेले दुःख हळूहळू आळीचे होते. आमच्या घरी आईही जात्यावर मराठी ओव्याच म्हणायची. घरात बोलणे दखनी वळणाचे, नमाज अरबीतून, पण पीठ दळायचे मराठीतून. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण मोकळेपणी बोलायची ती एक जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही.

कला ही अशी जागा असते, हे आपल्याकडच्या सुधारकांनी फार लवकर ओळखले. 24 सप्टेंबर 1873 रोजी महात्मा फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याआधी चार वर्षे, 1869 साली, त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला होता. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते. पण तमाशा त्यांना पाठ होता. गण, गौळण, बतावणी, वग ही त्याची चाकोरी पोराटोरांना ठाऊक होती. पुढे सत्यशोधक कार्यकर्त्यांनी हीच चाकोरी घेतली आणि तिच्यातून सत्यशोधक जलसा उभा केला. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, गोष्ट मात्र सावकाराची, गहाणखताची, धर्माच्या नावाने होणाऱ्या लुबाडणुकीची आणि शाळेची.

यात बतावणीचे काम मोठे होते. बतावणी म्हणजे दोन-तीन पात्रांचे हसतखेळत चाललेले सवाल-जवाब. त्यातला सोंगाड्या अडाण्याचे सोंग घेऊन साधे प्रश्न विचारतो. व्याख्यात्याने "तुम्ही फसला आहात" असे सांगितले तर माणूस रागावतो. पण सोंगाड्याने "पाटील, मी अंगठा केला तो कशावर?" असे विचारले की प्रेक्षक आधी हसतो आणि मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघतो. उत्तर त्याला कोणी सांगितलेले नसते. ते त्याचे त्याला सापडलेले असते, म्हणून ते टिकते.

1930 च्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला होता, त्याची धग त्या मुलखात होती. या जलशांत आणखी एक गोष्ट घडली. ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी वाजवले, नाचले, त्याच जातींतली माणसे आता स्वतःसाठी, स्वतःच्या वस्तीत, स्वतःचे म्हणणे गाऊ लागली. वाद्य तेच होते, पण ते कोणासाठी वाजते हे बदलले होते. या परंपरेतले मोठे नाव म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. वाचायला शिकला तो मोठेपणी, मुंबईत आल्यावर, आणि हजारो गाणी मागे ठेवून 2004 साली गेला. आजही 14 एप्रिलला कोणत्याही भीमनगरात जा, वामनदादांचे गाणे सुरू झाले की गायकाला पुढची ओळ म्हणावी लागत नाही. वस्ती म्हणते.

मला स्वतःला भावते ती याच चळवळीतली कव्वाली. दर्ग्याच्या उरसात टाळ्यांच्या ठेक्यावर चालणारा हा प्रकार भीमजयंतीच्या मंडपात आला आणि तिथलाच झाला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांनी तो घरोघर पोचवला. कव्वालीत टाळीला महत्त्व असते आणि टाळी वाजवायला वाद्य विकत आणावे लागत नाही. एका समाजाची गाण्याची रीत दुसऱ्या समाजाने उचलली, तिच्यात आपले दुःख आणि आपला अभिमान ओतला. कोणी कोणाची परवानगी मागितली नाही आणि कोणाचे काही कमीही झाले नाही.

आता अमर शेखांविषयी. माझ्या कविता ऐकून अजूनही कधी कधी लोक कौतुकाने म्हणतात, "तुमचं मराठी छान आहे हो!" मला राग येत नाही. मी त्यांना सगनभाऊंचे नाव सांगतो, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे नाव सांगतो, आणि शेवटी बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांचे नाव सांगतो. हे नाव ऐकून समोरचा गोंधळला की म्हणतो, "शाहीर अमर शेख." 1916 साली बार्शीत जन्मलेल्या या माणसाने गिरणीत काम केले, संप पाहिले. आई मुनेरबी, तिच्या तोंडी ओव्या आणि गाणी असत. तिथूनच तो गळा आला असावा. 1944 साली अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक काढले. एक मुसलमान, एक मातंग आणि एक गव्हाणकर! परळ-लालबागच्या चाळींतून आणि मैदानांतून हे तिघे उभे राहिले की समोरचा गिरणी कामगार झील धरायचा.

अण्णा भाऊंनी तमाशाचे लोकनाट्य केले. गणात देवाला वंदन असते, त्या जागी त्यांनी मातृभूमीला आणि श्रमणाऱ्या हातांना वंदन आणले. गौळण काढून टाकली, कारण तिच्यात बाईची थट्टा होई. पण वग ठेवला, ढोलकी ठेवली, सोंगाड्या ठेवला. काय टाकायचे आणि काय ठेवायचे, याचे हे भान मला फार मोलाचे वाटते. सगळेच टाकले असते तर लोकांना ते आपले वाटले नसते, आणि सगळेच ठेवले असते तर काही बदलले नसते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीत प्रिय व्यक्तीचा विरह आणि तुटलेल्या प्रदेशाचा विरह एक झाले. सीमाप्रश्न नकाशावर समजावून सांगायला तास लागला असता. पोटासाठी गाव सोडून मुंबईला आलेल्या माणसाला विरह समजावून सांगावा लागत नाही. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यात सभांचा, संपांचा आणि हुतात्म्यांच्या रक्ताचा वाटा आहेच, पण या गाण्यांचाही आहे. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही 1969 साली, काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

हीच रीत पुढे स्त्रियांनी उचलली. 1975 साली स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेसाठी ज्योती म्हापसेकर यांनी 'मुलगी झाली हो' हे नाटक लिहिले. 1983 पासून त्याचे प्रयोग सुरू झाले. काम करणाऱ्या होत्या संघटनेच्या कार्यकर्त्या. चाली लोकगीतांच्या, ओळखीच्या. नेपथ्य जवळजवळ नाहीच, त्यामुळे चाळीचे अंगण, शाळेचा वर्ग, देवळाचा ओटा, काहीही चालायचे. अशा प्रयोगात पाहणारी बाई मनाशी म्हणते, ही तर माझ्यासारखीच आहे, हिला बोलता येते तर मलाही येईल. जात्याजवळची गेलेली जागा थोडी का होईना परत मिळाली, असे मला त्या नाटकाबद्दल वाटते.

इथवर सांगितले ते सगळे गोडच होते. आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती न सांगणे हा अप्रामाणिकपणा होईल. झील कोणत्याही ओळीला धरता येते. 1893 साली ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली. त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्याआधी मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने भाग घेत, नवस बोलत, वाजवत, नाचत. 1894 च्या उत्सवात गाणाऱ्या काही मेळ्यांच्या पदांतून हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावे, असे सांगितले गेले. चाली सोप्या होत्या, गाणारी मुले उत्साही होती, लोकांनी झील धरली. पुढे याच मेळ्यांनी स्वदेशीची गाणी गायली, समाजसुधारणेची गायली, कितीतरी कलावंत घडवले, हेही तितकेच खरे आहे. पण गाण्याने समाज एक होतो असे म्हणताना 'समाज' म्हणजे कोण, हा प्रश्न विचारावाच लागतो. माणसांना जवळ आणणारे गाणे असते, तसे कुंपण घालणारेही गाणे असते. दोन्हींची चाल सारखीच असू शकते. मी एक साधी कसोटी लावतो. गाणे संपल्यावर आपण ज्यांच्याशेजारी बसू शकतो अशी माणसे वाढली की घटली?

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरम या कसोटीला उतरते. तिथले उंचच उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी बघायला लांबून लोक येतात. ताबूत बांधण्यात, उचलण्यात हिंदू-मुसलमान दोघेही असतात. तिथे गाणाऱ्या पथकांना 'मेल' म्हणतात आणि करबलाची व एकोप्याची गाणी हे मेल म्हणतात. हुसेनसाहेबांच्या दुःखाला झील धरणाऱ्यांत कितीतरी जण गणपतीतही टाळ कुटणारे असतात.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने साधारण 33 वर्षांनी गणपती आणि मोहरम एकत्र येतात. 1985 साली ते आले तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गावात गणपती बसला होता आणि पीरही बसले होते. गावात हलगीवाला एकच. मातंगवाड्यातले ते मामा दोन्हीकडे वाजवायचे. ते एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाहीत, एवढ्या एका कारणाने दोन्हीकडच्या जाणत्यांना एकत्र बसून वेळा ठरवाव्या लागल्या. आधी आरती आणि भजन, मग मामांनी चहा घ्यायचा, मग अलाव्यापाशी करबलची गाणी. मामांबरोबर भजनातली पोरेही अलाव्याकडे यायची आणि चोंगे खाऊन जायची. 2018 साली हेच दोन सण पुन्हा एकत्र आले. या वेळी दोन्हीकडे स्वतंत्र स्पीकर होते. कोणाला कोणाची गरज नव्हती, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारले नाही. वेळा ठरल्या त्या पोलीस ठाण्यात, शांतता समितीच्या बैठकीत. काही गडबड झाली नाही. पण 1985 साली जे गावाने केले ते 2018 साली फौजदाराला करावे लागले.

मला डीजेची भीती वाटते ती केवळ कानठळ्यांमुळे नाही. भिंतीएवढ्या स्पीकरमधून वाजणाऱ्या गाण्याला झीलकरी लागतच नाही. ते आधीच कुठेतरी ध्वनिमुद्रित झालेले असते. ज्याने ते केले त्याला आपले गाव माहीत नसते, आपल्या गल्लीत कोण राहते ते माहीत नसते. मशिदीसमोर किंवा देवळासमोर कोणते गाणे लावले म्हणजे कोणाला झोंबेल, एवढेच त्यात पाहिले जाते. आणि ज्या पोरांनी गायचे, ती पोरे त्या आवाजाखाली नुसती हात वर करून उभी असतात. त्यांच्या गळ्यातून शब्द निघत नाही.

मग करायचे काय? उदाहरणे आहेत. 1 जानेवारी 1989 रोजी दिल्लीजवळ साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत 'हल्ला बोल' हे पथनाट्य चालू असताना सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी ते गेले. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि जन नाट्य मंचाचे साथीदार त्याच जागी परत आले आणि त्यांनी नाटक पूर्ण केले. मुख्य गायक पडला तरी झीलकऱ्यांनी ओळ सोडली नाही. आपल्याकडे 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर अतुल पेठे यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून रिंगणनाट्ये उभी केली. नावच बघा, रिंगण. वारीतला शब्द. भोवती गोल उभे राहायचे, मध्ये नाटक. मंच नाही म्हणून वर-खाली नाही, आणि समोरच्या बाजूच्या माणसाचा चेहरा नाटकाबरोबरच दिसत राहतो.

हे सगळे पाहून मला जे समजले ते थोडक्यात सांगतो. चाल लोकांच्या ओठांवरची घ्यावी. नवी चाल शिकवण्यात वेळ जातो आणि माणसे पुन्हा प्रेक्षक होतात. विषय त्या वस्तीचा असावा. नळाला पाणी येत नाही, दारूचे दुकान शाळेजवळ आहे, मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी लावतात. गाणारी माणसेही तिथलीच असावीत, गळा कसाही असला तरी चालेल. तालमीला वेळ द्यावा, कारण खरे काम तालमीत होते. एरवी ज्यांचे एकमेकांशी बोलणे नसते अशी माणसे तालमीत रोज तासभर एकत्र बसतात, चुकतात, हसतात. प्रयोग संपला की लगेच सामान आवरू नये. लोक बोलायला सुरुवात करतात ती त्यानंतर.

आणि गाण्याकडून भलतीच अपेक्षा ठेवू नये. गाण्याने नळाला पाणी येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, नगरपालिकेत खेटे घालावे लागतात, प्रसंगी मोर्चा काढावा लागतो. सत्यशोधक जलशामागे समाज होता, आंबेडकरी जलशामागे सत्याग्रह होता, लाल बावट्यामागे कामगारांची संघटना होती. गाण्यामागे असे काही नसेल तर ते दोन तास बरे वाटून विरून जाते. गाणे एवढेच करते की, अर्जावर सही करायला एकटा माणूस धजत नाही, तिथे वीस जण धजतात.

गणपती येतील, मोहरम येईल, जयंत्या येतील. आपल्या मंडळात, मोहल्ल्यात, सोसायटीत एक करून बघा. दहा दिवसांतली एकच संध्याकाळ स्पीकर बंद ठेवा. ढोलकी नसेल तर डबा चालेल. शेजारच्या आळीतून चार माणसे आवर्जून बोलवा, आपल्यातली नसलेली. कोणाला पहिली ओळ येत असेल त्याने ती म्हणावी. पहिल्या दोन-तीन वेळा सगळे लाजतील, इकडेतिकडे बघतील. मग मागच्या रांगेतून कोणीतरी ती ओळ हळूच उचलेल. तो कोण आहे, कुठल्या घरचा आहे, हे बघायला मान वळवू नका. त्याच्याबरोबर म्हणा.